मायदेशी जाऊन येण्याची वाट मोकळी करा: रुग्णालय प्रशासनांना आणि वैद्यक परिषदांना एका डॉक्टरचे खुले पत्र

प्रति,
स्थलांतरित डॉक्टरांना सेवेत घेणाऱ्या रुग्णालयांचे प्रशासक आणि त्या डॉक्टरांच्या मायदेशातील वैद्यक परिषदांचे पदाधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मी गेली १९ वर्षे मायदेशाबाहेर एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात फिजिशियन म्हणून काम करते आहे. मधुमेह आणि त्यातून बिघडणारी मूत्रपिंडे हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. गेल्या वर्षी तीन आठवडे मायदेशी राहून आल्यावर माझ्या कामाकडे पाहण्याची माझी नजर बदलली आणि कामही बदलले. हे सगळे योगायोगाने घडले. तुम्हा दोघांच्याही नियमांत त्याला कुठे जागा नव्हती. ती जागा तुम्ही करावी, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जाण्यापूर्वी मी थकले होते, हे सांगायला आता मला संकोच वाटत नाही. तो थकवा कामाच्या तासांचा नव्हता. रात्रपाळ्या, लागोपाठ येणारे अत्यवस्थ रुग्ण, जेवणाची चुकलेली वेळ हे आम्हा सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेले असते. माझी अवस्था माझ्या लक्षात आली ती एका दुपारी. वॉर्डाबाहेर एका बाईंनी मला थांबवले आणि त्यांच्या यजमानांचे डायलिसिस वेळेवर सुरू केल्याबद्दल त्या माझे आभार मानू लागल्या. त्यांनी नाव सांगितले, खाट कोणत्या कोपऱ्यात होती तेही सांगितले. मला त्या गृहस्थांचा चेहरा काही केल्या आठवेना. आठवला तो त्यांच्या क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडे किती बिघडली आहेत ते दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा, ७.४. बाईंच्या डोळ्यांत पाणी होते आणि मी मात्र तो आकडा पुढे किती खाली आला याचा विचार करत उभी होते.

या अवस्थेला नाव आहे आणि तुम्ही ते जाणता. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी 'बर्नआउट' हा शब्द आपल्या लेखनातून रूढ केला. पुढे ख्रिस्तिना मॅस्लाक यांनी त्याची तीन अंगे मांडली: मनाला आलेला गळाठा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद घेतली, ती आजार म्हणून घेतली नाही, तर कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था म्हणून घेतली. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. अवस्था कामातून आली असेल, तर तिच्यावरचा उतारही कामातच शोधायला हवा. आमच्या रुग्णालयाने ध्यानधारणेची सत्रे ठेवली, समुपदेशनासाठी दूरध्वनी क्रमांक दिला. मी सत्रांना गेले, ती घेणाऱ्या व्यक्तीही मनापासून काम करणाऱ्या होत्या. पण सत्र आटोपून मी ज्या कामावर परत जात असे ते काम होते तसेच होते.

ते काम कसे होते, हे दोन अभ्यासांतून माझ्यापेक्षा नेमकेपणाने कळते. २०१६ साली 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत असे दिसले की डॉक्टर रुग्णासमोर घालवत असलेल्या दर एका तासामागे सुमारे दोन तास संगणकावरील नोंदी आणि टेबलावरची कामे यांत जातात. त्याआधी २००९ साली एका अध्यापन रुग्णालयातील डॉक्टरांना, तुम्हाला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारे काम कोणते आणि त्यासाठी तुमचा किती वेळ जातो, असे विचारण्यात आले होते. ज्यांचा अशा कामात २० टक्क्यांहून कमी वेळ जात होता, त्यांच्यात बर्नआउटचे प्रमाण ५३.८ टक्के आढळले; बाकीच्यांत ते २९.९ टक्के होते. २० टक्के म्हणजे आठवड्यातला एक दिवस. बाकीचे चार दिवस कसेही गेले तरी मनासारख्या कामाचा एक दिवस माणसाला सावरून धरतो, असा मी त्याचा अर्थ लावते. माझ्याकडे तो एक दिवस उरला नव्हता, आणि माझ्या मनासारखे काम नेमके कोणते, हेही मी विसरून गेले होते.

मायदेशी मी गेले ती घरच्या कामांसाठी. मला सहा आठवड्यांची रजा हवी होती. पण दीर्घ रजेच्या अर्जात तीनच कारणांची सोय होती: आजारपण, बाळंतपण आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण. माझे कारण यांपैकी कशातच बसेना, म्हणून साठलेली तीन आठवड्यांची रजा घेऊन मी निघाले. घरची कामे अपेक्षेपेक्षा लवकर उरकली आणि हाताशी अकरा दिवस राहिले. त्या दिवसांत मी माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसले. ती आणि मी एकाच वॉर्डात शिकलो, एकाच सरांची बोलणी खाल्ली. तिने एका छोट्या सार्वजनिक रुग्णालयात राहायचे ठरवले, मी परदेशी गेले. मायदेशातील वैद्यक परिषदेकडील माझ्या नोंदणीची मुदत केव्हाच संपली होती, त्यामुळे तिथे रुग्ण तपासण्याचा किंवा औषध लिहून देण्याचा मला अधिकार नव्हता. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून नुसती पाहत होते. इतक्या वर्षांनी नुसते पाहत बसण्याची वेळ माझ्यावर आली होती, आणि आता मागे वळून पाहताना वाटते की तेच बरे झाले.

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ आले. मधुमेह बारा-तेरा वर्षांचा. ते औषधे संपल्याचे सांगायला आले होते, बाकी काही तक्रार नव्हती. मैत्रीण म्हणाली, "काका, दोन्ही पायांतलं काढा आणि इथे बसा." ते संकोचले, पाय धुळीने भरलेत म्हणाले. तोवर ती स्वतः एका बुटक्या स्टुलावर बसली होती. तिने त्यांची टाच आपल्या गुडघ्यावर घेतली, तळवा ओल्या कापसाने पुसला आणि दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक तंतू एकेका जागी टेकवत गेली. काकांनी डोळे मिटले होते. स्पर्श जाणवला की त्यांनी 'हो' म्हणायचे होते. पहिल्या चार जागांना ते गप्पच राहिले. पाचव्या जागी, अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर, तंतू टेकवण्याआधीच तिचा हात थांबला. तिथे एक टाचणी रुतलेली होती. तिचे पितळी डोके कातडीत अर्धे बुडालेले आणि भोवतीचा भाग लाल झालेला होता. काकांना तिचा पत्ताच नव्हता. किती दिवस ते तिच्यावर भार देऊन चालत होते, कोण जाणे. मैत्रिणीने ती काढली, जखम साफ केली, खाली पू साठलेला नाही ना ते दाबून पाहिले आणि मग काकांकडे पाहून अगदी शांतपणे म्हणाली, "काका, डोळ्यांना दिसतं तोवर रोज रात्री तळपाय बघायचे. पायाला आता स्वतःहून सांगता येत नाही." त्या गृहस्थांनी आपला पाय दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले.

तुमच्यापैकी जे डॉक्टर आहेत त्यांना यात नवे काहीच वाटणार नाही. मधुमेहात संवेदना हरपलेल्या पायाला काटा, टाचणी, बुटातला खडा यांपैकी काहीच कळत नाही, जखम चिघळते आणि कधी कधी पाय गमवावा लागतो. मधुमेही रुग्णाचे पाय निदान वर्षातून एकदा तरी नीट तपासले पाहिजेत. हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते. पण शेवटचा पाय मी माझ्या हातांत कधी घेतला होता, हे मला त्या खुर्चीवर बसून आठवावे लागले. माझ्याकडे पायाच्या तपासणीसाठी संगणकावर एक चौकट असते. तिच्यावर खूण केली की रुग्णाचे नाव दुसऱ्या विभागाच्या यादीत जाते. ती व्यवस्था चांगली आहे, त्या विभागातील सहकारी निष्णात आहेत, आणि तरी त्या यादीत आपला क्रमांक लागण्याची वाट पाहणाऱ्या कोणा रुग्णाच्या पायात अशीच टाचणी असू शकेल, हा विचार माझ्या मनात कितीतरी वर्षांत आला नव्हता. डॉक्टर होताना मला काय करायचे होते, ते मला त्या क्षणी आठवले. मला माणसाला हात लावून तपासायचे होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अशा अनुभवांबद्दल लिहिताना ती बहुतेक वेळा सुटते. मायदेश हे दमलेल्या डॉक्टरांचे विश्रांतिस्थान नाही आणि तिथले रुग्ण आमची उमेद परत आणण्यासाठी नाहीत. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा जास्त थकलेली आहे. मी तिथे असताना दुपारपर्यंत ती खुर्चीवरून क्वचितच उठत असे, आणि उठली तर ती वॉर्डातील कोणाची प्रकृती बिघडल्यामुळेच. निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिला मला काय वाटले ते सांगू लागले. तिने सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "तुला बरं वाटलं याचा मला खरंच आनंद आहे गं. पण तू आता परत जाशील. मी बरं वाटून घ्यायला कुठे जाऊ?" तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मला उत्तर देता आले नाही. परतीच्या प्रवासात तो प्रश्न माझ्यासोबत होता आणि या पत्रातील प्रत्येक मागणी त्यातूनच निघाली आहे.

परदेशातले शिक्षण पदरी घेऊन मायदेशी कायमचे परतलेल्या डॉक्टरांची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेतील शिक्षणानंतर १९७० साली जामखेडला गेले आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवून त्यांनी गावांच्या आरोग्याचे चित्र पालटले. अभय आणि राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन गडचिरोलीत गेले. घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डेनिस मुकवेगे फ्रान्समध्ये स्त्रीरोगशास्त्र शिकून काँगोला परतले, १९९९ साली त्यांनी बुकावूमध्ये पान्झी रुग्णालय उभे केले आणि २०१८ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या सर्वांविषयी मला अतीव आदर आहे. परंतु 'परतायचे तर असे, नाहीतर नाव काढू नये' असा मापदंड आमच्यापुढे ठेवला गेला, तर बहुसंख्य स्थलांतरित डॉक्टर मान खाली घालून आहेत तिथेच राहतील. मुलांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी, परदेशात आमच्यावर विसंबलेले रुग्ण हे सारे खरे असते. मीही कायमची परतणार नाही. दोन टोकांच्या मधली, जाऊन येण्याची जी वाट आहे, तिच्यावर चालण्याची तयारी असलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

ही वाट मी शोधून काढलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९७७ साली तुर्कस्तानपासून 'टोकटेन' ही योजना सुरू केली होती. परदेशी स्थायिक झालेल्या तज्ज्ञांनी थोड्या काळासाठी मायदेशी येऊन आपले ज्ञान द्यावे, हा तिचा हेतू होता. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने आफ्रिकेसाठी २००१ मध्ये 'मिडा' हा असाच कार्यक्रम आणला आणि त्याअंतर्गत नेदरलँड्समध्ये काम करणारे घानाचे डॉक्टर आणि परिचारिका घानातील रुग्णालयांत जाऊन काम करून आले. मे २०१० मध्ये जागतिक आरोग्य सभेने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयीची जागतिक आचारसंहिता स्वीकारली. ज्या देशातून माणूस आला आणि ज्या देशात तो काम करतो, त्या दोघांनाही त्याच्या कौशल्याचा लाभ व्हावा म्हणून अशा ये-जा करण्याला सदस्य देशांनी साहाय्य करावे, असे त्या संहितेत स्पष्ट म्हटले आहे. संहिता ऐच्छिक आहे, हे मला ठाऊक आहे. पण तत्त्व जगाने मान्य करूनही आता बराच काळ लोटला आहे, आणि माझ्या रजेच्या अर्जात मात्र तीनच चौकटी आहेत.

रुग्णालय प्रशासनांना माझे सांगणे असे की त्या अर्जात चौथी चौकट घाला. मायदेशातील एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाशी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाशी लेखी करार करा आणि ज्या डॉक्टरला तिथे काम करायचे आहे त्याला दोन वर्षांतून एकदा सहा ते आठ आठवड्यांची रजा द्या. पगार पूर्ण देता येत नसेल तर अर्धा द्या, तोही शक्य नसेल तर बिनपगारी द्या, पण सेवेतील ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन यांना धक्का लागू देऊ नका. तुमची अडचण मी समजू शकते. एक डॉक्टर सहा आठवडे नसला की त्याच्या जागी कोण, हा प्रश्न वेळापत्रक लावणाऱ्याला रात्रभर जागा ठेवतो. मात्र मनाने गळालेला डॉक्टर नोकरी सोडून जातो तेव्हा ती जागा भरायला सहा आठवड्यांहून कितीतरी अधिक काळ लागतो, हेही वेळापत्रक लावणाऱ्यानेच मला सांगितले आहे.

करारात माझ्या जाण्याइतकेच महत्त्व मैत्रिणीच्या येण्याला असले पाहिजे, आणि या पत्रातील ही मागणी मला सर्वांत जवळची आहे. जो विभाग तुमच्या डॉक्टरला स्वीकारतो, त्या विभागातील एका डॉक्टरला तेवढ्याच आठवड्यांसाठी तुमच्याकडे बोलवा. प्रवास आणि राहण्याचा खर्च तुम्ही करा. तिला इथे परीक्षा देऊन नोकरी मिळवायची नाही. तिला डायलिसिसचा सुसज्ज विभाग पाहायचा आहे, ग्रंथालयात बसायचे आहे, एका रुग्णाबद्दल सलग अर्धा तास कोणाशी तरी बोलायचे आहे आणि काही रात्री पूर्ण झोपायचे आहे. तिकडे तिची जागाही रिकामी राहत नाही, कारण ती इकडे येते तेव्हा मी तिकडे असेन, आणि ज्या दिवसांत मी तिच्या खुर्चीवर असेन त्या दिवसांत तिच्या रुग्णांची आबाळही होणार नाही.

मात्र मी तिच्या खुर्चीवर बसायचे तर वैद्यक परिषदांनी मला तसा अधिकार दिला पाहिजे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मला जी कागदपत्रे मागण्यात आली, त्यांपैकी काही ज्या कार्यालयातून मिळवायची ते कार्यालयच आता दुसऱ्या नावाने, दुसऱ्या इमारतीत आहे, आणि एकेका दाखल्याला लागणारा वेळ माझ्या सगळ्या रजेहून अधिक होता. माझी विनंती अल्पमुदतीच्या, मर्यादित नोंदणीची आहे: एका ठरावीक संस्थेपुरती, ठरावीक आठवड्यांपुरती, आणि स्थानिक डॉक्टरच्या देखरेखीखाली. पदवी तुमच्याच विद्यापीठाची आहे, मूळ नोंदणी तुमच्याच दप्तरात आहे. सध्या जिथे काम करते तिथल्या परिषदेकडून माझ्याविरुद्ध काही कारवाई झालेली नाही ना, एवढे विचारून घेतले तर पडताळणी पूर्ण होऊ शकते.

देखरेखीची अट माझ्यावर लादली जावी, अशी माझीच इच्छा आहे. बाहेरून येऊन चार दिवसांत भराभर शस्त्रक्रिया करून जाणाऱ्यांचे रुग्ण माझ्या मैत्रिणीने पुढे महिनोन्‌महिने सांभाळले आहेत. जखमेत जंतुसंसर्ग झाला तेव्हा शस्त्रक्रिया करणारे विमानात बसून गेलेले होते. औषधोपचारातही तेच होते. ज्या घरात इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवण्याची सोय नाही, तिथे मी माझ्या सवयीने इन्सुलिनचे वेळापत्रक लिहून दिले तर तो कागद रुग्णाच्या उपयोगाचा नाही. तिथे काय चालते, काय मिळते, पुढच्या महिन्यात कोण बघणार आहे, हे स्थानिक डॉक्टरला ठाऊक असते. पाहुण्या डॉक्टरने पहिला आठवडा नुसते शेजारी बसून पाहावे, असा नियमच केला तरी मी त्याचे स्वागत करीन.

परत आल्यावर मी विभागप्रमुखांना भेटून मंगळवारची दुपार मागून घेतली. त्या दुपारी मी मधुमेही रुग्णांचे पाय तपासते. खोलीत एक बुटके स्टूल आणले आहे. सुरुवातीला काही रुग्णांना ते विचित्र वाटले. डॉक्टर खाली आणि आपण वर बसलेले त्यांना पटेना. पहिल्याच महिन्यात एका बसचालकाच्या दोन बोटांच्या बेचक्यात जखम सापडली, जी त्याच्या घरातही कोणी पाहिलेली नव्हती. त्याचा चेहरा मला स्वच्छ आठवतो, त्याच्या पायाच्या ठेवणीसकट. दर गुरुवारी रात्री मैत्रीण आणि मी व्हिडिओ कॉलवर तासभर दोन-तीन रुग्णांची चर्चा करतो; तिच्याकडचे कनिष्ठ डॉक्टरही त्यात बसू लागले आहेत. माझे कामाचे तास पूर्वीइतकेच आहेत, किंबहुना थोडे वाढलेच आहेत. तरीही सकाळी रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना पूर्वी छातीवर जे ओझे जाणवत असे, ते आता जाणवत नाही.

या पत्रासोबत मी दोन अर्ज पाठवत आहे. पहिला माझा, पुढील वर्षातील सहा आठवड्यांच्या रजेचा आणि त्याच काळापुरत्या मर्यादित नोंदणीचा. दुसरा माझ्या वर्गमैत्रिणीचा, त्याच सहा आठवड्यांत आमच्या विभागात येण्याचा. दोन्ही अर्ज एकत्रच विचारात घ्यावेत आणि एक मंजूर करून दुसरा बाजूला ठेवू नये. तसे होणार असेल, तर माझा अर्ज मागे ठेवावा आणि तिचा आधी मंजूर करावा.

कळावे,

आपली विश्वासू,
एक फिजिशियन